फांदी वाढवणारे लांजेवारकाका

लांजेवारकाकांचे मला आधी पाय दिसले. नुसते पाय. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते आणि घराच्या बेलवरच्या कॅमेऱ्यानं फोनवर कळवलं की दाराशी कोणीतरी आलंय. बघते तर पायऱ्यांशेजारच्या मेपलखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत लोकरीचे मोजे, मोज्यांवर सँडल. बाकीचा माणूस झाडाच्या आत होता.

अमेरिकेत बॉथेलला घर घेऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. इकडे घर घेतलं की दाराशी एक जपानी मेपल आपोआप येतो. छातीएवढा उंच, छत्रीसारखा खाली झुकलेला, आणि पानं अशी की कोणीतरी निवांत बसून नखांच्या कात्रीनं कातरली असावीत. आम्ही त्याला 'ते लाल झुडूप' म्हणायचो. मी फोनच्या स्पीकरवरून, जमेल तितक्या अमेरिकन आवाजात विचारलं, "हॅलो? कॅन आय हेल्प यू?"

पाय हलले नाहीत. झाडातून उत्तर आलं, "टपालपेटीवर शिंदे वाचलं. मराठीच ना? मग काहून इंग्लिश बोलून राहिली? सल काढून राहिलो. पाच मिनिटं थांब."

"पण तुम्ही कोण?"

"मागच्या गल्लीतला. लांजेवार. झाडाचा जीव घुसमटून राहिला होता बाप्पा. मला रस्त्यावरून दिसलं, मग राहवलं नाही."

मीटिंगमधले सगळे माझ्याकडे बघत होते. कोणीतरी विचारलं, एव्हरीथिंग ओके? माझ्या झाडाचा जीव घुसमटत होता हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन पाहिलं तर झाड न्हाऊन आल्यासारखं दिसत होतं. आतून उजेड आरपार येत होता आणि खोडाची वळणं दिसत होती. शेजारी वाळक्या काड्यांची एक जुडी सुतळीनं बांधून ठेवलेली. सल म्हणजे झाडावरच वाळून राहिलेल्या काड्या, हे मला पुढे कळलं. हा संत्र्याच्या बागेतला शब्द. काका काटोलकडचे, वडिलांची संत्र्याची बाग. काका मात्र नागपूरला इंजिनिअर होऊन तरुणपणीच इकडे आले आणि विमानांच्या पंखांची गणितं करता करता रिटायर झाले. बाग सुटली, पण बोटांतून गेली नाही. इथे संत्रं येत नाही म्हणून त्यांनी मेपल धरला.

सिकेटर, म्हणजे झाड छाटायची कात्री, त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कायम असायची. बाकीचे म्हातारे जिथे चष्म्याचं घर ठेवतात तिथे. लग्नाला जाताना, डोहाळजेवणाला जाताना, एकदा तर इंडियाला जाताना. त्या वेळी एअरपोर्टवरच्या माणसानं ती काढून घेतली, तेव्हा काकांनी त्याला म्हणे पाती कशी पुसायची ते समजावून सांगितलं, कारण आता ती त्याच्याकडे राहणार होती.

कोणाकडेही गेले तरी काका बेल आधी वाजवत नसत. आधी झाड. एकदा आमच्या ओळखीत सत्यनारायण होता. आरती सुरू व्हायची वेळ झाली, काकांचा पत्ता नाही. शोधायला गेलेल्या मुलांना ते सापडले तीन घरं सोडून, एका अनोळखी अमेरिकन माणसाच्या अंगणात. दोघं हात पाठीमागे बांधून झाडाभोवती प्रदक्षिणा घालत होते. पूजा आत चालली होती की बाहेर, असा प्रश्न पडावा. तो माणूस अजून दर ख्रिसमसला काकांना कुकीज पाठवतो.

प्रदक्षिणा हा काकांच्या कामाचा मुख्य भाग. आल्या आल्या त्यांनी कधी कात्री काढली नाही. (माझं झाड अपवाद. "तिथे इमर्जन्सी होती.") "आधी फिरायचं. हात मागे. हात पुढे असले की काहीतरी करावंसं वाटते. बघून झालं की चहा प्यायचा. मग पुन्हा बघायचं." दुसऱ्या चहानंतर ते बहुतेक वेळा म्हणायचे, "आज नाही. आज मला त्याचं समजलं नाही." आणि घरी जायचे. पुढच्या शनिवारी परत प्रदक्षिणा, परत चहा. माणसांशी ते नागपुरी बोलत, पण झाडाशी बोलताना थेट काटोलच्या शिवारात उतरत. "काय बे, काहून तोंड पाडून उभा हायस? कोनं काय केलं तुले?" आणि कान देऊन ऐकत. झाड काय म्हणालं ते आम्हाला सांगत नसत.

त्या काळात त्यांचा राग मी एकदाच पाहिला. एका घरी लॉन कापणाऱ्यांनी मशीन फिरवून मेपलचा गोल गरगरीत चेंडू करून ठेवला होता. घरमालक कौतुकानं दाखवत होता. काकांनी झाडाभोवती एक फेरी मारली. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "लाडू वळला हो तुम्ही झाडाचा." त्या घरचा चहा त्यांनी घेतला नाही. चहा नाकारणं म्हणजे त्यांच्या मानानं कडेलोटच.

पण लांजेवारकाका आमच्या गोतावळ्यात प्रसिद्ध होते ते एका शब्दामुळे. काका कधीही फांदी 'कापली' म्हणत नसत. कापतात तो गळा किंवा खिसा, असं त्यांचं म्हणणं. झाडाची फांदी 'वाढवायची'. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर वाढली म्हणतो. दुकानाला रात्री कुलूप लावताना दुकान वाढवलं म्हणतो. मग चांगली जिवंत फांदी काढताना तिला 'कापतो' म्हणायचं? तिच्या तोंडावर? "तिला ऐकू येते," काका आवाज खाली आणून सांगायचे. घरात काकू, मुलगी रश्मी, जावई, आम्ही सगळे, हळूहळू ह्या भाषेला सरावलो. "काका, ती रस्त्याकडची वाढवली का?" "वाढवली. सुटला बिचारा." बाहेरच्या माणसाला वाटावं, ही मंडळी झाडं वाढवण्याच्या फार मागे आहेत.

आणि वाटलंही. ईशान आणि केतकी म्हणून एक नवं जोडपं आलं होतं पुण्याहून. दोघंही हुशार, गोड, आणि इंग्लिश मीडियम. त्यांच्या टाउनहाउससमोर एक छोटा मेपल. काकांनी तीन शनिवार, सहा चहा एवढा अभ्यास करून निदान केलं: "मधली फांदी बाजूच्या दोघींना घासून राहिली. थंडीत पानं गळाली की वाढवून टाका. बिनधास्त." मुलांनी मनावर घेतलं. त्या फांदीला बांबूचा टेकू दिला, खत आणलं, केतकी तिच्याशी रोज बोलायची म्हणे. वर्षभरानं ईशानचा फोटो आला, "काका, मस्त वाढली!" फोटोत मधली फांदी मनगटाएवढी जाड झालेली आणि बाजूच्या दोघी कशाबशा श्वास घेत असलेल्या.

काकांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "पोरांनी मन लावून केलं बाप्पा."

"मग सरळ 'कापा' म्हणा की!" आतून निर्मलाकाकूंचा आवाज आला. "तुमची जीभ थोडीच कापली जाणार आहे?"

निर्मलाकाकू हा काकांवरचा उतारा होता. इथल्या कॉलेजात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. बोलणं भरभर आणि सिद्धता दिल्यासारखं. कारण, म्हणून, सिद्ध झालं. काका एका वाक्याला दोन चहा लावणारे, काकू एका चहात दहा विषय संपवणाऱ्या. "मला सवत आहे," असं त्या नव्या पाहुण्याला सांगायच्या आणि खिडकीबाहेर बोट दाखवायच्या.

सवत खरंच देखणी होती. घर घेतलं त्या वर्षी काकांनी मेपलचं काडीएवढं रोप आणून जेवणाच्या खोलीच्या खिडकीबाहेर लावलं होतं. आता ते खिडकीच्याही वर गेलेलं, हिरव्या बारीक पानांचं, आणि असं जोपासलेलं की एक फांदी दुसरीला शिवत नव्हती. सबंध वर्षात काका त्यातून ओंजळभर काड्या काढायचे, त्याही नाइलाजानं. दुसऱ्या कोणाला हात लावायची परवानगी नव्हती. फोटो काढायचा तर लांबून.

ह्या झाडाची एक फांदी खिडकीवर आडवी आली होती आणि तिच्यावरून त्या घरात कित्येक वर्षं वाद चालला होता. आम्ही जेवायला गेलो की तो आमच्यासमोर नव्यानं व्हायचा.

"ही एवढी एक वाढवा हो. उजेड येऊ दे घरात."

"ती वाढवली तर झाड लंगडं होईल, निर्मला."

"झाड लंगडं होईल म्हणून मी आंधळी होऊ?"

काका हसायचे आणि फांदी राहायची. काकूही हसायच्या. निकालाची घाई दोघांनाही नव्हती.

मागच्या मार्चमध्ये काकूंना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला, आणि बोलणं पार थांबलं. त्यांना सगळं कळत होतं. डोळ्यांत दिसायचं की वाक्य आत तयार आहे, पण बाहेर काही येत नव्हतं. भरभर बोलणाऱ्या त्या बाईचा तो प्रयत्न बघवत नसे. मी एकदा भेटून आले आणि गाडीत बसून रडले. रश्मी कॅरीहून, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून आली, रजा संपेपर्यंत राहिली, आणि सकाळच्या वेळेला एका मदतनीस बाईंची सोय करून परत गेली. जाताना मला म्हणाली, "बाबांकडे लक्ष ठेव. त्यांना स्वतःचं काहीच करता येत नाही, यू नो."

स्पीच थेरपिस्टनं काकांना एक गोष्ट निक्षून सांगितली होती. त्या काही बोलू लागल्या तर थांबा. वाट बघा. काय म्हणायचं असेल त्याचा अंदाज घाईनं बांधू नका. हे तिनं लांजेवारकाकांना सांगावं! आम्हाला वाटलं, ह्या परीक्षेत काका पहिले येणार.

जूनमध्ये एका दुपारी काकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "बोलली! अगं, निर्मला बोलली!"

"काय म्हणाल्या?"

"मी बाहेर झाडाला पाणी घालून राहिलो होतो. तिनं काचेवर टकटक केलं, डावा हात असा केला खिडकीकडे, आणि म्हणाली, 'पा... पान... वाढ.'" काका श्वास घ्यायला थांबले. "पान वाढव म्हणून राहिली. ती फांदी! शेवटचं अक्षर राहून जाते तिच्याकडून. इतकी वर्षं मागत होती आणि मी कधी ऐकलं नाही. आता इतक्या दिवसांत पहिला शब्द बोलली तर तोच बोलली."

मी तिकडे पोचेपर्यंत फांदी खाली होती. भर उन्हाळ्यात, ना प्रदक्षिणा, ना चहा. खिडकीतून उजेड आत आला होता आणि काका काकूंच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसून विचारत होते, "दिसते ना आता? बरं वाटते?" काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आनंदानं त्यांचे डोळे भरलेत.

दुसऱ्या दिवशी काकू परत म्हणाल्या, "पान... वाढ." काकांनी वरची फांदी वाढवली. तिसऱ्या दिवशी परत. काकांना आता वेळही सापडली होती. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा. "ऊन तेव्हा फिरते ना. सावली पडते तिच्या अंगावर. बरोबर सांगते ती." गणिताच्या बाईंचं म्हणणं बरोबरच असणार, असं आम्हीही धरून चाललो. काकांची भाषा आम्हाला येत होती ना! पान म्हणजे पान आणि वाढ म्हणजे वाढव. त्यात विचारायचं काय होतं?

पण काकू शांत होत नव्हत्या. एक फांदी गेली की त्यांचा हात जास्तच जोरानं काचेवर आपटायचा. आणि काका शिडी घेऊन परत बाहेर. दारासमोर हिरव्या फांद्यांचा ढीग वाढत चालला. ज्या झाडातून वर्षाकाठी ओंजळभर काड्या निघायच्या त्याची एक अख्खी बाजू उघडी पडली. खोडावर थेट ऊन येत होतं. सावलीत वाढलेली मेपलची साल उन्हानं भाजते, हे मला काकांनीच शिकवलं होतं.

"काका, आता बास," मी एकदा म्हटलं. "जून आहे. साल भाजेल. झाड जाईल हो."

"मला काय ठाऊक नाही?" काका माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. मग शिडीचा दांडा धरून उभे राहिले. त्यांची पँट कमरेला सुतळीनं बांधलेली होती, पट्ट्याची भोकं संपली असावीत. "झाड काही म्हणून राहिलं नाही. ती म्हणून राहिली. मी कोणाचं ऐकू?"

मी वाकून खाली पडलेल्या फांद्या ढिगावर नेऊन ठेवल्या.

त्याच सुमाराला बार्शीहून माझी आई आली. आईला रिकामं बसवत नाही. आल्या आठवड्यातच तिनं सबंध गल्लीची माहिती काढली आणि लांजेवारांकडे डबा न्यायचा आपला हक्क सांगितला. तसे आमच्या ग्रुपमधले सगळेच आळीपाळीनं डबे देत होतो. काकांचा फ्रिज भरलेला असायचा. काका काकूंना चमच्यानं भरवायचे, तोंड पुसायचे, आणि "मी खाईन मागून" म्हणून उठायचे. ते मागून म्हणजे सिंकपाशी उभ्यानं, डब्यातूनच दोन घास. कधी तेही नाही.

शनिवारी संध्याकाळी आई आणि मी शेंगदाण्याची आमटी, भाकरी आणि भात घेऊन गेलो. सात वाजले होते, पण जूनमधलं इथलं ऊन, चांगलं चार वाजल्यासारखं. काका शिडीवर होते. हातात कात्री नव्हती, करवत होती, आणि करवत ठेवली होती ती झाडाच्या दोन मुख्य खांद्यांपैकी, म्हणजे खोडातून फुटलेल्या जाड फांद्यांपैकी एकावर. तो गेला असता तर उरलं असतं ते झाड म्हणायच्या लायकीचं नव्हतं. आत काकू काचेवर हात आपटत होत्या. "पान... वाढ! वाढ!"

"हो हो, वाढवतो!" काका बाहेरून ओरडले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, घामाचं की कशाचं ते मी पाहिलं नाही. "वाढवून राहिलो ना, निर्मला!"

आई दारातच थबकली. मग माझ्या हातात डबा देऊन तरातरा आत खिडकीशी गेली, ती उघडली आणि म्हणाली, "अहो भाऊ, आधी खाली उतरा. त्या जेवायला वाढ म्हणतायत."

काका म्हणाले, "नाही हो ताई. तुम्ही नवीन आहात. आमच्याकडे वाढव म्हणजे..."

"तुमच्याकडे काही का असेना. बाईमाणूस जेवणाच्या वेळेला पान वाढ म्हणतंय, त्यात झाड कुठून आलं?" आई वळली आणि काकूंसमोर खाली बसली. "काय हो, तुमचं पान वाढू?"

काकूंनी मान जोरात हलवली. नाही.

"मग, यांचं?"

काकूंनी डावा हात उचलला आणि खिडकीकडे केला. तोच हात, जो आम्ही सगळे इतके दिवस बघत होतो. तो आता मला नीट दिसला. बोट फांदीकडे नव्हतंच. फांदीच्या मागे शिडीवर काका उभे होते, वाळलेले, गाल बसलेले, कमरेला सुतळी. काकू त्यांना दाखवत होत्या. हा माणूस जेवलेला नाही, ह्याला कोणीतरी वाढा, एवढंच ती बाई जमेल त्या दोन शब्दांत दिवसातून दोनदा सांगत होती. आणि ती सांगत होती म्हणून तो माणूस आपलं झाड तोडत होता.

आईनं बघता बघता कपाटं उघडून ताटं शोधली. तिला भाषा साधी मराठीच येत होती, हे किती बरं झालं. आम्ही शहाणे मात्र काकांचा कोश पाठ करून बसलो होतो.

काका आत आले. करवत हातातच होती, ती मी घेतली. ते काकूंसमोर उभे राहिले, केसांत लाकडाचा भुसा, आणि लहान आवाजात म्हणाले, "मला हाक मारून राहिली होती तू?"

काकूंच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी तशीच राहिली. पण डोळे दोन्ही हसले.

"रोज मारायची," काका आम्हाला सांगू लागले, जणू आम्ही खुलासा मागितला होता. "मी बाहेर झाडाशी असलो की ह्याच खिडकीतून. पान वाढलंय, या. मी पहिल्या हाकेला कधी गेलो नाही. एक काडी, अजून एक काडी, करत राहायचो. ती भात परत गरम करायची." मग ते सिंककडे वळले. त्यांनी हात धुतले, खूप वेळ धुतले.

आईनं दोन पानं घेतली. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर. खिडकी पश्चिमेची, आणि आता तिच्यावर सावली करायला काही उरलं नव्हतं. सातचं ऊन थेट काकूंच्या डोळ्यांत येत होतं. त्यांनी डावा हात कपाळावर धरला. काकांनी ते पाहिलं. त्यांनी आपली खुर्ची उचलली, वळसा घालून आणली आणि काकूंच्या आणि खिडकीच्या मधोमध ठेवली. उन्हाकडे पाठ करून बसले. त्यांची सावली काकूंच्या तोंडावर पडली तेव्हा काकूंनी कपाळावरचा हात खाली घेतला.

मी वाढायला पुढे झाले तर आईनं मला कोपरानं ढोसलं. भाताचं पातेलं तिनं काकूंच्या डाव्या हाताशी सरकवलं.

काकूंनी भातात डाव घातला. डाव्या हाताला त्याची सवय नव्हती. निम्मा भात टेबलावर सांडला, निम्मा काकांच्या ताटात पडला. काका मान खाली घालून ताटाकडे बघत होते, पाठीवर ऊन घेत. मी त्या घरी शेकडो वेळा जेवले असेन. काकूंनी डाव उचलला की ताटावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणायची काकांची सवय मला माहीत होती. काकूंनी दुसऱ्यांदा डाव भरला. काकांनी सांडलेली शितं बोटांनी गोळा करून ताटात घेतली, ताट काकूंकडे थोडं पुढे सरकवलं आणि थांबले.